पेस्टो पास्ता ताटात येईपर्यंत काळपट आणि कडू का होतो?

रविवारी रात्रीच्या स्वयंपाकाची पाळी आमच्या घरी माझ्याकडे असते आणि त्या रात्री बहुधा पेस्टो पास्ता होतो. पास्ता शिजायला जी दहा-बारा मिनिटे लागतात, तेवढ्यातच पेस्टो वाटून होतो आणि वेगळी भाजी-आमटी करावी लागत नाही. सुरुवातीचे कितीतरी रविवार मात्र एकाच तक्रारीत गेले. मिक्सरच्या भांड्यात पोपटी हिरवा दिसणारा पेस्टो ताटात येईपर्यंत शेवाळासारखा होत असे, धाकटा दुसऱ्याच घासाला "कडू लागतंय" म्हणून काटा खाली ठेवत असे आणि आई ताटाकडे पाहून शांतपणे विचारत असे, "पालक जरा जास्त शिजला का रे?"

मी प्रत्येक वेळी काहीतरी बदलून पाहिले: कधी लिंबू वाढवले, कधी चीज, कधी तेल बदलले, कधी चिमूटभर साखरही घातली. फरक पडला नाही, कारण मी घटक बदलत होतो आणि चूक घटकांत नव्हतीच. शेवटी एका रविवारी घड्याळ समोर ठेवून पेस्टो नेमका कोणत्या मिनिटाला काळवंडतो, एवढेच पाहिले आणि उलगडा झाला. ज्यांच्याकडे हाच प्रकार वारंवार घडतो, त्यांनीही आधी हेच पाहावे. भांड्यातच रंग गेला, वाटीत काढून ठेवल्यावर गेला, पास्त्यात मिसळताना गेला की दुसऱ्या दिवशी गेला, या चारही प्रश्नांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की असलेली बरी. पेस्टो ही चटणी आहे. इटलीच्या लिगुरिया प्रांतातील जेनोवा शहराची ही खासियत. तिचे नावच कुटणे या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून पडले आहे आणि जुन्या रीतीने ती संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने करतात. बेसिल या तुळशीच्या कुळातल्या सुगंधी झाडाची पाने, लसूण, जाडे मीठ, पाइनच्या बिया, पार्मेझान आणि पेकोरिनो ही दोन चीजे आणि ऑलिव्ह तेल एवढेच त्यात असते, आणि यांतले काहीही विस्तवावर जात नाही. आपल्याकडे मात्र कोणताही हिरवा वाटलेला मसाला हाती आला की हात आपोआप कढईकडे जातो, तेल तापते, वाटण परतले जाते आणि कच्चेपणा गेल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कोथिंबिरीची चटणी आपण कधी परतत नाही, वाटताना त्यात बर्फाचा खडाही टाकतो, पण पेस्टोला आपण चटणीच्या रांगेत बसवलेले नसते. माझी निम्मी चूक हीच होती.

मिक्सरच्या भांड्यातच रंग गेला तर

बेसिलचे पान चिरडले की त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने पानातील द्रव्यांवर काम करू लागते आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते तोच हा प्रकार. ही क्रिया कोमट उबेत वेगाने होते, आणि आपला घरगुती मिक्सर सलग एक मिनिट फिरला तर ती ऊब पुरेशी तयार करतो. त्या रविवारी मी भांडे काढल्यावर तळाला तळहात लावून पाहिला, तर ते चहाच्या रिकाम्या कपाइतके कोमट लागत होते, आणि पात्याजवळचा पेस्टो वरच्या थरापेक्षा स्पष्टपणे गडद होता. त्यानंतर मी चटणीचे लहान भांडे आणि त्याची पाती वाटण्याआधी पंधरा-वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवू लागलो, तेलही फ्रीजमध्ये गार करू लागलो, आणि बटण सलग चालू न ठेवता दोन-तीन सेकंद फिरवणे, थांबणे, चमच्याने कडेचे खाली ढकलणे, पुन्हा फिरवणे असे करू लागलो. एकूण फिरवण्याचा वेळ वीस-पंचवीस सेकंदांच्या वर जाऊ द्यायचा नाही. पेस्टो थोडा भरड राहिला तर बिघडत नाही. खलात कुटलेला पेस्टो गंधासारखा गुळगुळीत कधीच नसतो.

वाटण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सगळे एकदम भांड्यात कोंबले की लसूण आणि काजू (पाइनच्या बियांच्या जागी मी तेच घालतो) बारीक होईपर्यंत पाने उगाचच फिरत आणि तापत राहतात. म्हणून आधी लसूण, मीठ आणि काजू यांची भरड पूड करून घ्यावी, मग पाने आणि पाने ओली होतील इतकेच तेल घालून तीन-चार झटके द्यावेत, आणि चीज व उरलेले तेल शेवटी वाडग्यात चमच्याने मिसळावे. पाने धुतल्यावर सुती फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत, कारण ओल्या पानांचा पेस्टो पातळ होतो, पाणी सुटते आणि रंगही लवकर मळकट होतो.

घरात दगडी खलबत्ता असेल आणि दोन-तीन जणांपुरतेच करायचे असेल, तर मिक्सर काढूच नये. दहा मिनिटे हात दुखतो, पण ऊब निर्माण होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि वास निराळाच येतो. लोखंडी खलबत्ता मात्र वेलदोड्यांसाठीच ठेवावा, कारण पानांतील द्रव्यांचा लोखंडाशी संबंध आला की रंग हमखास काळपट होतो.

कधी कधी दोष मिक्सरचा नसून पानांचाच असतो. बेसिल हे उष्ण हवेचे झाड आहे आणि साधारण दहा अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दोन दिवस राहिलेल्या पानांवर काळे डाग पडतात, आणि डाग पडलेल्या पानांचा हिरवा पेस्टो कोणालाही करता येणार नाही. जुडी आणल्यावर तिचे देठ छाटून पाण्याच्या पेल्यात, ओट्याच्या कोपऱ्यात, उन्हापासून दूर ठेवावी. चार दिवस ती ताजी राहते. कुंडीतील झाड असेल तर तुरे येऊ देऊ नयेत, दिसताच खुडावेत, कारण फुलोरा धरलेल्या झाडाची पाने राठ आणि उग्र होतात. जेनोवाच्या प्रा या उपनगरातील बेसिल नावाजलेले आहे. तेथे रोपे अगदी कोवळी, चार-सहा पानांवर असतानाच मुळासकट उपटून जुड्या बांधतात आणि त्या बेसिलला 2005 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक नामसंरक्षण आहे. आपल्या कुंडीतले हाताच्या पंजाएवढे पान आणि ते नखाएवढे पान यांच्या चवीत अंतर असणारच, म्हणून शेंड्याकडची लहान पाने पेस्टोला घ्यावीत आणि खालची मोठी पाने टोमॅटोच्या रश्शात टाकावीत.

बेसिल मिळाले नाही म्हणून तुळस घालावी का, हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला आहे. अंगणातली तुळस वाटायला आमच्या घरात परवानगी मिळणार नाही हे सोडा, पण चवीच्या दृष्टीनेही ती चालत नाही. तिच्यात लवंगेची झाक आणि तिखटपणा असतो, आणि मूठभर पाने वाटली की काढ्याची चव येते. फालुद्यातल्या सब्जाचे झाड हे बेसिलच्याच जातीचे असते, त्यामुळे घरचा सब्जा पेरून आलेली पाने थोड्या प्रमाणात चालतात, पण त्यांचा वास बडीशेपेकडे झुकतो. त्यापेक्षा निम्मे बेसिल आणि निम्मा कोवळा पालक घेणे मला अधिक पटते, आणि खर्चही आवाक्यात राहतो.

वाटीत काढून ठेवल्यावर रंग गेला तर

येथे कारण हवा आहे. पेस्टो पसरट वाडग्यात उघडा ठेवला की वरचा थर अर्ध्या तासात गडद होतो आणि चमच्याने ढवळल्यावर आत मात्र हिरवाच निघतो. अरुंद वाटी किंवा काचेची लहान बरणी घ्यावी, पृष्ठभाग चमच्याने दाबून सपाट करावा आणि त्यावर पाऊण बोटभर नव्हे, जेमतेम थर बसेल इतके तेल ओतावे. लोणच्यावर तेल का उभे ठेवतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढे समजावून सांगायला नको.

लिंबाबद्दल मात्र येथेच सांगायला हवे, कारण त्याने मला बरेच दिवस फसवले. लिंबाच्या आंबटपणामुळे विकराचे काम मंदावते हे खरे, त्यामुळे गार पेस्टो लिंबाने काही काळ हिरवा राहतो. पण पानाच्या हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि आम्ल व उष्णता एकत्र आली की तो अणू निसटतो. मग हिरवा रंग जाऊन ऑलिव्हच्या लोणच्यासारखा मळका रंग उरतो. लिंबू पिळलेला पेस्टो गरम पास्त्यावर घातला की नेमके हेच होते. लिंबाची चव हवीच असेल तर ती ताटात वाढल्यावर पिळावी.

पास्त्यात मिसळताना रंग गेला तर

आमच्या घरची खरी चूक येथे होती, आणि माझा अंदाज आहे की बहुतेकांची येथेच असते. मी पास्ता निथळून कढईत घेत होतो, त्यावर पेस्टो घालत होतो आणि गॅस मध्यम ठेवून दोन मिनिटे परतत होतो, जेणेकरून "सगळे नीट एकजीव व्हावे". या दोन मिनिटांत तीन गोष्टी बिघडत होत्या: हरितद्रव्य मळकट होत होते, बेसिलचा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरून ताटात येण्याआधीच संपत होता, आणि चीज वितळण्याऐवजी आकसून त्याच्या रबरी गुठळ्या होत होत्या. गॅस बंद असला तरी कढईचे बूड तापलेले असते, त्यामुळे तिच्यातच मिसळले तरी थोडाफार हाच परिणाम होतो.

म्हणून पेस्टो आणि पास्ता कढईत भेटताच कामा नयेत. मोठे काचेचे किंवा स्टीलचे पातेले ओट्यावर, गॅसपासून दूर ठेवावे आणि पेस्टो आधी त्यात काढावा. पास्ता वेळण्यापूर्वी त्याचे पाणी एक मोठी वाटी भरून बाजूला काढावे, कारण एकदा ते मोरीत गेले की गेले. या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, आपल्या भाताच्या पेजेसारखा, आणि तेल व पाणी एकमेकांत धरून ठेवण्याचे काम तो करतो. वाटीतले पाणी मिनिट-दोन मिनिटे निवू द्यावे, त्यातले दोन-तीन मोठे चमचे पेस्टोत घालून तो ढवळलेल्या दह्याइतका सैल करावा, मग निथळलेला पास्ता अर्धा मिनिट चाळणीतच वाफ जाऊ देऊन त्यात उलटावा आणि दोन मोठ्या चमच्यांनी वर-खाली करावा. कोरडा वाटला तर पुन्हा चमचाभर पाणी घालावे. तेल वाढवू नये. पहिल्यांदा असे केले तेव्हा मला ते गिळगिळीत होईल अशी भीती वाटली होती, पण अर्ध्या मिनिटात पाणी दिसेनासे झाले आणि प्रत्येक तुकड्यावर हिरवा लेप चढला, जो आधी कधीच चढत नव्हता. आधी पेस्टो तळाला आणि पास्ता वर अशी त्यांची फारकत असायची.

याच कारणाने शिजलेला पास्ता नळाखाली धरू नये आणि उकळत्या पाण्यात तेल घालू नये. पहिल्याने वरचा स्टार्च धुऊन जातो, दुसऱ्याने पास्ता निसरडा होतो, आणि दोन्हींमुळे पेस्टो घसरून खाली बसतो. चार जणांना 350 ते 400 ग्रॅम पास्ता पुरतो. त्याला साडेतीन-चार लिटर पाणी आणि दर लिटरमागे साधारण 10 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट लहान चमचे, मीठ घालावे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी दाणा फोडून पाहावा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता घेतला तर तो दम धरतो. मैद्याचा पास्ता मिसळतानाच मोडतो आणि त्याला पेस्टो दोषी ठरतो.

जेनोवाची एक युक्ती कुटुंबाच्या जेवणासाठी फार सोयीची आहे. तेथे पास्त्याच्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी शिजवतात आणि तिन्ही एकत्र पेस्टोत मिसळतात. बटाटा आधी, पाच-सात मिनिटांनी पास्ता आणि शेवटच्या पाच मिनिटांत फरसबी टाकली की एकाच पातेल्यात भाजी-पोळीचा हिशेब पुरा होतो. बटाट्याचा थोडा पिठूळपणा पेस्टोला दाटपणा देतो, आणि आईला जे "नुसतेच शेवयांसारखे" वाटायचे, ते आता जेवण वाटते.

रंग ठीक, पण चव कडू असेल तर

यात पहिला संशय ऑलिव्ह तेलावर घ्यावा, पण ते वाईट आहे म्हणून नव्हे. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात मुळातच कडसर द्रव्ये असतात. तेल चमच्याने मिसळले तर ती फारशी जाणवत नाहीत, पण मिक्सरच्या वेगाने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब झाले की ती पानांच्या ओलाव्यात उतरतात आणि जिभेला लागतात. माझ्या धाकट्याची तक्रार खरी होती आणि मी महागडे तेल आणून ती वाढवत होतो. तेल हाताने मिसळायला लागल्यापासून तो काटा खाली ठेवत नाही. आपल्या दुकानांत स्वस्त म्हणून मिळणारे पोमेस ऑलिव्ह तेल कडू होत नाही, पण त्याला स्वतःची चवही नसते; त्यापेक्षा निम्मे एक्स्ट्रा व्हर्जिन आणि निम्मे साधे सूर्यफुलाचे तेल बरे. घाण्याचे शेंगदाणा तेल येथे नको, त्याचा वास बेसिलला झाकून टाकतो.

दुसरा संशय लसणावर. लसूण चिरडला की त्याचा झणझणीतपणा तयार होतो आणि कच्च्या वाटणात तो कमी होत नाही, उलट तासाभरात अधिक जाणवतो. परदेशी पाककृतीतल्या दोन पाकळ्या म्हणजे गावठी लसणाच्या दोन पाकळ्या नव्हेत. आपल्या पाकळ्या लहान असल्या तरी तिखट असतात, म्हणून चार जणांच्या पेस्टोला दोन लहान पाकळ्या पुरेत, आणि मधला हिरवा कोंब काढून टाकावा. लहान मुलांसाठी करताना मी पाकळी सोलून, न चिरता, पास्त्याच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडतो. त्यामुळे तिखटपणा थोडा उतरतो.

तिसरे कारण सुकामेव्याचे. अक्रोड घातले असतील तर त्यांच्या सालीत तुरट-कडू चव असते, ते हलके भाजून फडक्यात चोळून घ्यावेत. पाइनच्या बियांच्या जागी आपल्याकडे चिलगोजे मिळतात, पण त्यांची किंमत पाहता मी ते सणालाही घालणार नाही. कोकणातला काजू, तोही तुकडा, या कामाला उत्तम आहे, आणि त्यात संकोच वाटू देऊ नये, कारण इटलीतल्या अनेक बाटलीबंद पेस्टोंतही काजूच असतो. मात्र काजू खवट नाही हे एक दाणा खाऊन पाहावे.

चीजबाबत थोडक्यात: क्यूबमध्ये मिळणारे प्रोसेस्ड चीज किसून घातले तर पेस्टो चिकट होतो आणि तार धरतो, जुनवलेले, कोरडे, किसल्यावर भुगा होणारे चीजच घ्यावे. शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की अस्सल पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळ इटालियन पार्मेझान, वासराच्या जठरातील रेनेट या दूध साकळवणाऱ्या द्रव्याने विरजलेले असते. भारतात शाकाहारी रेनेट वापरून केलेले पार्मेझान धाटणीचे चीज मिळते; पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशीच्या डब्यात काळा पडला तर

सकाळी गरम पास्ता डब्यात भरून झाकण लावले की तो मधल्या सुट्टीपर्यंत स्वतःच्याच वाफेत उबत राहतो आणि काळवंडतो. डब्यासाठी करायचे असेल तेव्हाच मी पाने उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतो, घट्ट पिळून कोरडी करतो आणि मग वाटतो. काळे पाडणारे विकर त्यात नष्ट होते आणि रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. वास थोडा उतरतो, म्हणून रात्री लगेच खायच्या पेस्टोला मी हा उपाय करत नाही. एकदा एकाच जुडीचे दोन भाग करून, एक असा आणि एक तसा वाटून, शेजारी शेजारी वाट्यांत ठेवले होते. तासाभराने साध्या वाटीवर तपकिरी साय आली होती आणि दुसरी नुकतीच वाटल्यासारखी दिसत होती. पास्ता पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावा.

उरलेला पेस्टो तेलाखाली झाकून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस ठेवावा, ओट्यावर मुळीच नाही, कारण तेलाखाली बुडालेला कच्चा लसूण बाहेरच्या उष्णतेत घातक ठरू शकतो. जास्त दिवसांसाठी चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या गोठवाव्यात, आणि वापरायच्या वेळी वाटीत काढून आपोआप वितळू द्याव्यात. मायक्रोवेव्हमध्ये घातल्या तर पुन्हा तोच शेवाळी रंग. ट्रेवर चिठ्ठी लावणे विसरू नये. आमच्या फ्रीझरमध्ये कोथिंबीर-मिरचीच्या वाटणाच्याही अशाच हिरव्या वड्या असतात, आणि मागच्या पावसाळ्यात आईने त्यातल्या दोन मटकीच्या उसळीत टाकल्या होत्या. उसळीला बेसिलचा वास कसा येतो, हे कळायला आम्हाला पूर्ण वाटी संपवावी लागली.